पुनरुत्थान म्हणजे नक्की काय? एका व्याख्येच्या मागे शिवडीपर्यंत



सिनॉप्सिस लिहायला बसलात की गाईड पहिला प्रश्न हमखास विचारतात: "तुमच्या विषयातल्या मुख्य शब्दाची व्याख्या काय?" आपण शब्दकोशातली एखादी ओळ उचलतो आणि पुढे जातो. खरी गडबड तिथेच होते, कारण चुकीच्या व्याख्येवर बेतलेली प्रश्नावली कितीही लोकांकडून भरून घेतली तरी हाती काही लागत नाही. ही गोष्ट मला प्रयोगशाळेत कळली नाही. कळली ती शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत, आणि तीही एक आगाऊ प्रश्न विचारल्यावर.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. मी लालबागची, पीएचडी परळमध्ये. काम पेशींच्या मृत्यूवर. आमच्याकडे 'मेलेली पेशी' ओळखायची सोपी पद्धत आहे. ट्रिपॅन ब्लू नावाचा निळा रंग टाकायचा. जिवंत पेशीचं आवरण तो रंग आत येऊ देत नाही, मेलेल्या पेशीचं आवरण फाटलेलं असतं म्हणून ती निळी होते. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पेशी मोजा, टक्केवारी काढा, झालं. याला कार्यकारी व्याख्या म्हणतात, म्हणजे ज्या चाचणीने गोष्ट मोजता येते तीच तिची व्याख्या. अशा व्याख्यांची सवय झाली की माणूस सगळीकडे तेच शोधायला लागतो.

शिवडीत काय झालं

लॅबमधली माझी एक मैत्रीण गिरगावची, ईस्ट इंडियन कॅथलिक. दोन-अडीच वर्षांपूर्वी तिची आजी गेली आणि तिला शिवडीला पुरलं. शिवडीची ही दफनभूमी १८६५ सालची. त्या वेळचे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी त्यासाठी ही जागा मिळवली, त्याआधी तिथे बाग होती. तेव्हा ती शहराबाहेर वाटत असेल, आज चारी बाजूंनी शहर आहे आणि जागा तेवढीच. त्यामुळे तीच कबर काही काळाने पुन्हा उघडावी लागते. आधीची हाडं काढून भिंतीतल्या छोट्या कोनाड्यात ठेवतात. ही मंडळी त्याला 'निश' म्हणतात. आजीच्या हाडांसाठी घरचे जाणार होते. मैत्रीण म्हणाली, "येतेस का सोबत?" मी गेले.

खोदणाऱ्या माणसाने एकेक हाड वर दिलं. मैत्रिणीच्या आईने, आम्ही त्यांना आंटी म्हणतो, खाली पांढरं कापड अंथरलं होतं. त्या प्रत्येक हाड हातात घ्यायच्या, माती झटकायच्या, पुसायच्या आणि कापडावर ठेवायच्या. घाई नाही. मध्येच एकदा त्यांनी आजीच्या कवटीवरून हात फिरवला, लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

आणि मी, विज्ञानाची विद्यार्थिनी, विचारून बसले: "आंटी, हाडं अशी इकडून तिकडे हलवली, काही मातीतच राहिली, तर शेवटच्या दिवशी आजी उठणार कशी?"

मैत्रिणीने माझ्याकडे असं पाहिलं की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं. आंटी मात्र शांत होत्या. म्हणाल्या, "अगं, ज्याने पहिल्यांदा मातीतून माणूस केला, त्याला पत्ता लागतो काय?" आणि पुढचं हाड पुसायला घेतलं.

घरी परतताना बसमध्ये मला प्रश्न पडला तो असा. देवाला हाडांची गरज नसेल, तर आंटी ती इतक्या मायेने का पुसत होत्या? आणि हाडं इतकी महत्त्वाची असतील, तर ती विस्कटली तरी चालतात कशी? दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या एकाच कृतीत होत्या. म्हणजे 'पुनरुत्थान' या शब्दाची माझ्या डोक्यातली व्याख्याच चुकली होती. पुढचे काही महिने लॅबमधून वेळ मिळेल तसं मी वाचत गेले. जे समजलं ते इथे मांडते. व्याख्या दुरुस्त करताना मी एक साधी पद्धत वापरली: आधी हा शब्द म्हणजे काय नाही, हे ठरवायचं.

एक: पुनरुत्थान म्हणजे पुन्हा धुगधुगी येणं नाही

परळ म्हणजे हॉस्पिटलांचं गाव. केईएम, टाटा, वाडिया सगळी हाकेच्या अंतरावर. बंद पडलेलं हृदय छातीवर दाब देऊन पुन्हा चालू केल्याच्या गोष्टी इथे रोज ऐकू येतात. पण तो माणूस पुढे कधीतरी मरतोच.

बायबलमध्येही हा फरक आहे. योहानाच्या शुभवर्तमानात लाजर नावाच्या माणसाची गोष्ट येते. चार दिवस कबरेत असलेल्या लाजराला येशू बाहेर बोलावतो आणि तो येतो. पण ख्रिस्ती परंपरा त्याला येशूच्या पुनरुत्थानाच्या जोडीला बसवत नाही, कारण लाजर परत आला तो याच आयुष्यात, पुन्हा एकदा मरण्यासाठी. येशूबद्दलचा दावा वेगळा आहे. तो मृत्यूतून मागे फिरला असं नाही, मृत्यूच्या पलीकडे निघाला, आणि आता त्याला मरण नाही.

शुभवर्तमानांतल्या कथा पाहिल्या की हे दिसतं. मग्दालिया मरीयेला तो आधी माळी वाटतो. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य त्याच्याबरोबर चालतात, तरी त्यांना ओळख पटत नाही. म्हणजे काहीतरी बदललं आहे. पण तोच येशू शिष्यांसमोर मासा खातो आणि थोमाला आपल्या जखमा दाखवतो. म्हणजे काहीतरी तेच आहे. 'तोच, पण तसाच नाही' ही ओढाताण या कथांनी मुद्दाम सोडवलेली नाही. संशोधनात अशी जागा आली की घाईने एका बाजूला झुकू नका. बहुतेक वेळा तिथेच संकल्पनेचा गाभा असतो.

दोन: पुनरुत्थान म्हणजे अमर आत्मा किंवा पुनर्जन्म नाही

माझी मोठी चूक इथे होती. चाळीत वाढलेल्या माझ्यासारखीला मृत्यूनंतरचं चित्र म्हणजे जुनं वस्त्र टाकून नवं घालणारा आत्मा. आमच्या मजल्यावर कोणी गेलं की दहावं, तेरावं आणि 'आत्म्याला शांती लाभो'. शरीर हे वस्त्र. ते जाळलं, राख नदीत सोडली, विषय संपला. हे चित्र डोक्यात ठेवून मी शिवडीत उभी होते.

ख्रिस्ती श्रद्धेत मात्र शरीर म्हणजे टाकून द्यायचं वस्त्र नव्हे. रविवारी चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या कबुलीत आत्म्याच्या अमरत्वाऐवजी देहाच्या पुनरुत्थानाचा उल्लेख येतो. आत्मा मृत्यूनंतर देवाजवळ असतो असं कॅथलिक शिकवण मानते, पण ती अपुरी अवस्था. माणूस पूर्ण होतो तो देहासकट.

ग्रीक लोकांनाही हे पचलं नव्हतं. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये पौलाच्या अथेन्समधल्या भाषणाची हकिकत आहे. देव एक आहे, तो हातांनी बांधलेल्या मंदिरात राहत नाही, इथपर्यंत श्रोते ऐकून घेतात. मृतांच्या पुनरुत्थानाचा विषय निघाल्याबरोबर काही जण हसायला लागतात. आत्मा अमर आहे असं पौल म्हणाला असता, तर अथेन्समध्ये कदाचित कोणी हसलं नसतं. यहुद्यांमध्येही एकमत नव्हतं: परूशी पुनरुत्थान मानत, सदूकी मानत नसत.

आता विचार करा, मराठीत हे सांगायचं कसं? थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडहून गोव्यात आलेला जेझुइट. त्याने मराठी ओव्यांमध्ये 'ख्रिस्तपुराण' लिहिलं, ते १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. जवळजवळ ११ हजार ओव्या, दोन भागांत. दुसऱ्या भागात येशूचा जन्म, मरण आणि पुन्हा उठणं येतं. त्याच्यासमोरचे वाचक स्वर्ग, मोक्ष, पुनर्जन्म या शब्दांत वाढलेले. 'पुन्हा जन्मला' म्हटलं की अर्थच बदलणार. मराठी बायबलमध्ये पुढे जो शब्द रुळला तो 'पुनरुत्थान': पुनः अधिक उत्थान, पुन्हा उठून उभं राहणं. मूळ ग्रीक 'अनास्तासिस' या शब्दाचा अर्थही उभं राहणं असाच आहे. जन्म नवा होतो, तेव्हा माणूस दुसरा असतो. उठतो तो मात्र आडवा झालेलाच माणूस. एका उपसर्गावर आणि एका धातूवर केवढा फरक पेललेला आहे बघा. लिटरेचर रिव्ह्यू करताना अनुवादकांनी कोणता शब्द टाळला हेही नोंदवत जा.

मराठी ख्रिस्ती घरांत निधनाच्या बातमीत 'प्रभूमध्ये झोपी गेले' असं लिहितात आणि नावाआधी 'कैलासवासी' ऐवजी 'ख्रिस्तवासी'. झोपेची ही कल्पना जुनी आहे. इंग्रजीतला 'सेमेटरी' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थच झोपायची जागा.

तीन: पुनरुत्थान म्हणजे अणूंची जुळवाजुळव नाही

आता माझ्या आगाऊ प्रश्नाकडे. पुरलेल्या देहातला कार्बन गवतात जातो, गवतातून गाईत, दुधातून दुसऱ्या माणसात. मग तो अणू कोणाचा? हा प्रश्न विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पडणारच, पण तो नवा नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात असाच प्रश्न विचारणारा आहे: मेलेले कोणत्या शरीराने उठणार? पौल उत्तरादाखल पेरणीचा दाखला देतो. आपण पेरतो तो दाणा, उगवतं ते रोप. दाणा जमिनीत जातो, दाणा म्हणून उरत नाही, तरी रोप त्याच दाण्याचं. सातत्य आहे, पण ते मालमसाल्याच्या यादीचं नाही.

ही श्रद्धा अणूंवर अवलंबून नाही याचा इतिहासातला पुरावा म्हणजे दहन. कॅथलिक चर्चमध्ये दहनाला बंदी होती, कारण त्यामागे पुनरुत्थान नाकारण्याचा हेतू असू शकतो असं मानलं जाई. १९६३ मध्ये परवानगी मिळाली: तो हेतू नसेल तर दहन चालेल. २०१६ मध्ये व्हॅटिकनने पुन्हा स्पष्ट केलं की दफन अधिक पसंत आहे, पण दहन केलं तरी राख वाऱ्यावर किंवा पाण्यात विखुरू नये, पवित्र जागी ठेवावी. बघा, शिवडीतला माझा पेच इथेही आहे. जाळलं तरी देवाला अडचण नाही, आणि तरीही राख कशीही टाकायची नाही.

प्रोटेस्टंटांमध्ये हे आपल्याकडे आधीच घडलं होतं. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. ख्रिस्ती होऊनही मराठीपण न सोडलेला हा माणूस. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहाचं दहन झालं. पुनरुत्थानावरचा त्यांचा विश्वास चितेमुळे कमी झाला असं कोणी म्हणणार नाही.

आणि आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने कोविडने गेलेल्या सगळ्यांचं, धर्म कोणताही असो, दहन करावं असा आदेश काढला आणि त्याच दिवशी बदलला. त्या काळात काही ख्रिस्ती कुटुंबांनी दहन स्वीकारलं. त्यांचा त्रास 'आता हा उठणार कसा' हा नव्हता असं मला वाटतं. हात लावता आला नाही, शेवटचं पुसता आलं नाही, हा होता. तो त्रास आम्हालाही झाला. २०२१ मध्ये माझे काका गेले तेव्हा आम्हाला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी लांबून दाखवलं. शरीर नुसतं वस्त्र असतं, तर आई अजून त्यावरून रडली नसती.

मग मरण खोटं आहे का?

नाही. हा गैरसमज बाहेरच्यांचाही असतो आणि कधीकधी आतल्यांचाही. पुनरुत्थानावर विश्वास म्हणजे 'रडू नका, सगळं ठीक आहे' असं नव्हे. लाजराला उठवण्याआधी येशू त्याच्या कबरेपाशी रडतो. ख्रिस्ती वर्षात गुड फ्रायडे गाळून ईस्टरला जाता येत नाही. त्या शुक्रवारी कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होत नाही, वेदी उघडी असते. शनिवार रिकामा जातो. रात्री अंधारात नवा विस्तव पेटवून त्यावर मोठी मेणबत्ती लावतात, तेव्हा ईस्टर सुरू होतो. त्याच्या शेहेचाळीस दिवस आधी राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून 'तू माती आहेस' याची आठवण दिलेली असते. दादरच्या पोर्तुगीज चर्चमध्ये किंवा गिरगावात त्या दिवशी ऑफिसला निघालेली माणसं कपाळावर राखेचा क्रूस घेऊन बाहेर पडताना दिसतील.

थोमाची गोष्ट पुन्हा आठवा. उठलेल्या येशूच्या हातावर खिळ्यांच्या खुणा आहेत. पुसल्या गेल्या नाहीत. म्हणजे जे सोसलं ते मिटवून नवी पाटी, असा हा दावा नाही. सोसलेलं सोबत येतं, पण शेवटचा शब्द त्याचा राहत नाही.

जगण्यात याचं काय होतं?

बाप्तिस्म्याचा अर्थ पौल असाच लावतो: पाण्याखाली जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणं, वर येणं म्हणजे नव्या जीवनात उठणं. म्हणजे पुनरुत्थान हा फक्त शेवटच्या दिवसाचा विषय नाही, आजच्या वागण्याचाही आहे. हे वागणं कुठे दिसतं ते शोधायचं असेल तर साथीच्या काळाकडे बघा.

तिसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात मोठी साथ आली. ख्रिस्ती लोकांनी आजाऱ्यांची सेवा केली आणि ते करताना स्वतःही मेले, असं अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याने पत्रात लिहून ठेवलं आहे. आता मुंबई. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग ओळखणारे डॉक्टर अकॅशियो व्हिएगस हे गोव्याचे ख्रिस्ती. त्यांचा पुतळा मेट्रो सिनेमासमोर आहे, आपण रोज त्याच्यासमोरून जातो. त्या साथीवरची लस हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. हाफकिन ज्यू होते, त्यांना या चर्चेत ओढत नाही. पण त्याच वर्षांत मुंबईच्या गल्ल्यांत अनेक दगडी क्रूस उभे राहिले, काही साकडं म्हणून, काही वाचल्याबद्दल कृतज्ञता म्हणून. क्रूस हे मुळात फाशीचंच साधन. मरणाने वेढलेल्या गल्लीत ते उभारणं हे मरण नाकारणं नव्हतं, मरणाच्या तोंडावर काहीतरी म्हणणं होतं.

आणखी जवळचं उदाहरण बांद्र्याचं 'शांती आवेदना सदन'. टाटा हॉस्पिटलचे कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. लुईस डिसोझा यांनी १९८६ मध्ये ते सुरू केलं, भारतातलं हे पहिलं हॉस्पिस. बरा न होणारा कर्करोग असलेल्या कोणत्याही धर्माच्या माणसाला तिथे घेतात. जखमा धुतात, वेदना कमी करतात. बरं करण्याच्या हिशेबात या शरीराचा आता 'उपयोग' नाही. तरी ते धुवायचं.

इथे मला शिवडीचं उत्तर मिळालं. आंटी हाडं पुसत होत्या ती देवाला पुढे कच्चा माल लागेल म्हणून नाही. ती हाडं म्हणजे 'आजीचं काहीतरी' नव्हतं, आजीच होती. देहाला देव विसरत नाही असं मानणारा माणूस देहाला कचरा म्हणून वागवू शकत नाही. जपून ठेवण्याची सक्ती नाही, टाकून देण्याची मुभा नाही. दोन्ही गोष्टी एकाच श्रद्धेतून येतात.

संशोधक यात काय म्हणू शकतो?

मी ख्रिस्ती नाही. कबर खरंच रिकामी झाली का, हे माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठरणार नाही. इतिहासकार काही गोष्टी तपासू शकतो: पौलाचं ते पत्र येशूच्या मरणानंतर साधारण वीस-पंचवीस वर्षांतलं आहे, त्यात ज्यांना येशू दिसला अशांची यादी आहे, आणि चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरेची बातमी आधी स्त्रियांना कळते. म्हणजे हा विश्वास फार लवकरचा आहे, एवढं म्हणता येतं. कबरेत काय घडलं, हे त्यावरून सिद्ध होत नाही. गंमत म्हणजे पौल स्वतः याच अध्यायात पैज लावतो: ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास फुकट. आपला दावा कशाने पडेल हे आधीच सांगून ठेवणारा लेखक मला, सवयीने, आवडला.

तुमच्यासाठी आता तीन प्रश्न. तुमच्या विषयातला मुख्य शब्द वापरणारी माणसं तो शब्द कशापासून वेगळा काढतात? त्या शब्दामुळे ती हातांनी काय करतात? आणि तुमची व्याख्या त्यांना वाचून दाखवली तर ती हो म्हणतील का?

तिसरा प्रश्न मी खरंच करून पाहिला. हा लेख टाकण्याआधी आंटींना वाचून दाखवला. त्यांनी दोन ठिकाणी माझं मराठी सुधारलं, टिळकांच्या परिच्छेदावर "तो प्रोटेस्टंट होता ना" एवढंच म्हणाल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "बरोबर आहे. पण आजीचे गुडघे दुखायचे, ते नको लिहूस म्हणावं देवाला."

दोन नोव्हेंबरला शिवडीत मेणबत्त्या लावायला जाणार आहोत. या वेळी मी गप्प बसणार आहे.